हा आकडा कुणी भरला?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या भाषेतल्या नावांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आमच्या शाखेकडून या अंकासाठी सहसा अंदाजपत्रक, बँकांचे एकत्रीकरण, फार तर वस्तू व सेवा कर असे विषय येतात. संगणक हा विज्ञान शाखेचा प्रांत मानला जातो. परंतु मला जो मुद्दा मांडायचा आहे तो माझ्या मते मुळात हिशेबाचा आहे. संगणकवाल्यांनी तो आपला मानला नाही, म्हणून आम्ही उचलला, इतकेच.

वेबवरील पाने तयार करण्यासाठी पीएचपी नावाची एक भाषा वापरतात. रासमुस लेरडॉर्फ या गृहस्थांनी १९९४ साली स्वतःच्या पानासाठी काही साधने लिहिली आणि ८ जून १९९५ रोजी ती सर्वांसाठी खुली केली. त्यांतून ही भाषा वाढत गेली. विकिपीडिया ज्या आज्ञावलीवर चालतो ती याच भाषेत लिहिलेली आहे. म्हणजे २००३ साली सुरू झालेले मराठी आणि कानडी हे दोन्ही विकिपीडिया आपण वाचतो, तेव्हा पडद्यामागे हीच भाषा राबत असते. लहानमोठ्या दुकानांची, पतपेढ्यांची, शाळा-कॉलेजांची कितीतरी संकेतस्थळेही हिच्यावरच उभी आहेत. तेव्हा हा विषय परका मानण्याचे कारण नाही.

मराठी माध्यमातून शिकलेल्या प्रत्येकाला ‘चल’ हा शब्द ठाऊक आहे. शालेय बीजगणितात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ सोडवताना आपण सर्वांनी घाम गाळलेला आहे. आमच्या कानडी मित्रांच्या पुस्तकात त्यालाच ‘चराक्षर’ म्हणतात, हिंदीत नुसते ‘चर’. संगणकाच्या आज्ञावलीतही चल असतात. आपण एक नाव ठरवतो, त्यात एखादी किंमत घालून ठेवतो आणि पुढे हवी तेव्हा काढतो. एखाद्या चलात कुठली किंमत आहे असा प्रश्न पडला, तर आज्ञावली वरच्या ओळीपासून वाचत यावे. ती किंमत कुठे घातली ते सापडतेच.

पण पीएचपीमध्ये काही चल असे आहेत की जे आपण कधीच तयार करत नाही. आज्ञावलीची पहिली ओळ चालू होण्यापूर्वीच बहुतेक भरून तयार असतात, आणि आज्ञावलीच्या कुठल्याही कोपऱ्यातून त्यांना हात घालता येतो. डॉलरचे चिन्ह, त्यापुढे खालची आडवी रेघ आणि मग मोठ्या अक्षरांत नाव, असे त्यांचे रूप. ‘$_गेट’, ‘$_पोस्ट’, ‘$_कुकी’, ‘$_फाइल्स’, ‘$_सर्व्हर’, ‘$_सेशन’, ‘$_रिक्वेस्ट’, ‘$_एन्व्ह’ हे आठ, आणि ज्याला आडवी रेघ नाही असा ‘$ग्लोबल्स’ हा नववा. हे चल म्हणजे एकेक आकडा नव्हे. प्रत्येक चल ही एक पेटी आहे आणि तिच्यात नावे लावलेले अनेक कप्पे असतात. नव्या नोकरीवर रुजू व्हावे आणि टेबलावर नऊ पेट्या आधीच भरून ठेवलेल्या दिसाव्यात, तसा हा प्रकार आहे. कुणी भरल्या, केव्हा भरल्या, हे पेटीवर लिहिलेले नसते.

अडचण इथेच आहे. इतर चलांबद्दलचे उत्तर आज्ञावलीतच मिळते. या नऊंबद्दल मात्र आज्ञावली शंभर वेळा वाचली तरी मिळणार नाही, कारण ती भरणारी ओळ तिथे नाहीच. ते उत्तर फक्त माहितीपुस्तिकेत असते. इतर ठिकाणी माहितीपुस्तिका नसली तर गैरसोय होते. इथे नसली तर अर्धी आज्ञावलीच गहाळ असते, असे मी म्हणेन.

हे मला पटले ते इंदूरला. गेल्या उन्हाळी सुट्टीत मी तिथे मामांकडे दीड महिना होतो. होळकरांच्या काळापासून इंदुरात मराठी घरे आहेत, तशातलेच मामांचे एक. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. मामांच्या ओळखीच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या पेढीवर मी हिशेब शिकायला म्हणून जात असे. पेढी सियागंजात. सियागंज म्हणजे इंदूरचा किराण्याचा मोठा बाजार. या पेढीने आसपासच्या गावांतल्या किरकोळ दुकानदारांसाठी एक संकेतस्थळ करून घेतले होते. दुकानदाराने तिथे आपली मागणी नोंदवायची, की इकडे बिल तयार. ज्याने ते बनवले तो केव्हाच दुसरीकडे निघून गेला होता आणि मागे एक कागदही ठेवून गेला नव्हता. देवासचा एक मुलगा तासावर येऊन डागडुजी करी. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, हिंदी माध्यमातला, कामाला वाघ.

एके दिवशी पेढीवरच्या मुनीमजींनी एक बिल बाजूला काढले. सोयाबीन तेलाचे १५ किलोचे १२ डबे, प्रत्येक डब्याचा भाव त्या दिवशीच्या भावापेक्षा ४० रुपयांनी कमी. फरक ४८० रुपयांचा. इंदूर हे सोयाबीनचे गाव, तेलाचा भाव तिथे रोज हलतो. मुनीमजींना त्या दिवशीचा भाव तोंडपाठ. त्यांनी मला आणि त्या मुलाला बोलावून एकच प्रश्न विचारला, “ये भाव किसने भरा?”

आम्ही दोघांनी आज्ञावली उघडली. बिलाचा भाव ‘$_पोस्ट’ या पेटीतल्या भावाच्या कप्प्यातून घेतलेला होता. तो मुलगा म्हणाला, “ये तो सर्वर से ही आया है, भैया, अपना ही है.” त्याच्या म्हणण्याला तसा आधार होता. ती पेटी सर्व्हरवर उघडते, सर्व्हरवरच्या आज्ञावलीत वापरली जाते. मग ती आपलीच असणार, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ‘$_पोस्ट’मध्ये जे असते ते समोरच्या ग्राहकाच्या यंत्राकडून आलेले असते. या संकेतस्थळाने मागणीच्या अर्जावर भावाचा एक न दिसणारा रकाना ठेवला होता. त्या दुकानदाराने आठवड्यापूर्वी उघडलेले पान फोनवर तसेच राहू दिले आणि आठ दिवसांनी तिथूनच मागणी पाठवली. जुना भाव आपोआप तिच्याबरोबर आला. दुकानदाराने काही लबाडी केली नव्हती. पण हेतुपुरस्सर कुणी त्या रकान्यात ४० रुपये काय, ४ रुपये डबा असे लिहून पाठवले असते तरी आज्ञावलीने मुकाट्याने बिल फाडले असते. हे ऐकून शेटजींनी संकेतस्थळ दोन दिवस बंद ठेवले आणि त्या मुलाने भाव ग्राहकाकडून न घेता पेढीच्या स्वतःच्या भावपत्रकातून घेण्याची व्यवस्था केली.

मुनीमजींना संगणक येत नाही. पण त्यांचा प्रश्न संगणकशास्त्राचा होता, आणि तो आमच्या अभ्यासक्रमातलाही होता. रोजकीर्दीत कुठलीही नोंद प्रमाणकाशिवाय होत नाही, हे बारावीचा विद्यार्थीही सांगेल. प्रमाणक म्हणजे काय, तर आकडा कुठून आला याचा कागद. त्यातही आपण बाहेरच्याला दिलेला कागद आणि बाहेरच्याने आपल्याला दिलेला कागद यांत लेखापरीक्षक फरक करतो. कोणता किती तपासायचा, हे त्यावरून ठरते. त्या नऊ पेट्यांपैकी प्रत्येकीची नोंद लिहिताना पहिली ओळ हीच असली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे: ही कुणी भरली? अर्थ, प्रकार, उदाहरण हे सगळे त्यानंतर.

काही पेट्यांच्या बाबतीत तर एका पेटीला एक उत्तर पुरत नाही. कप्प्याकप्प्याला वेगळे द्यावे लागते. ‘$_फाइल्स’ ही पेटी पाहा. ग्राहकाने एखादा फोटो किंवा कागद चढवला की त्याची माहिती हिच्यात येते. फाइलचे नाव आणि ती कोणत्या प्रकारची आहे, हे ग्राहकाचे यंत्र सांगते. चित्र आहे असे सांगून दुसरेच काही पाठवता येते. ती फाइल आपल्या यंत्रावर तात्पुरती कुठे ठेवली आणि तिचा आकार किती भरला, हे मात्र पीएचपी स्वतः भरते. एकाच पेटीत शेजारी शेजारी एक पाहुण्याचा शब्द आणि एक घरचा शब्द.

‘$_सर्व्हर’ची कथा याहून बिकट आहे. नाव सर्व्हरचे, म्हणून त्यातले सगळे सर्व्हरने भरले असेल असे वाटते. मागणी नेमकी कधी आली ती वेळ सर्व्हर भरतो, हे खरे. पण ज्या कप्प्यांची नावे ‘एचटीटीपी’ या अक्षरांनी सुरू होतात, ते ग्राहकाच्या यंत्राने पाठवलेल्या मथळ्यांतून उतरवून घेतलेले असतात. ग्राहक कुठल्या पानावरून आला, कोणता ब्राउझर वापरतो, हे सारे त्याने सांगितले तसे. आणखी गंमत म्हणजे ‘सर्व्हर नेम’ नावाचा एक कप्पा आहे. अपाचे सर्व्हरची मांडणी नीट केलेली नसेल, तर त्यातसुद्धा ग्राहकाने पाठवलेलेच नाव येऊन बसते. ‘पीएचपी सेल्फ’ या कप्प्यात चालू आज्ञावलीचा पत्ता असतो. त्या पत्त्याच्या शेपटीला ग्राहकाला वाटेल ते जोडता येते, आणि तो कप्पा जसाच्या तसा पानावर छापला तर त्या शेपटीतून परका मजकूर आपल्या पानात शिरतो. कितीतरी शिकवणी-पुस्तकांतून अर्जाच्या सुरुवातीला हाच कप्पा बिनधास्त छापायला शिकवत असत.

यावर कुणी म्हणेल की हे सगळे मुळातच इतके सैल का ठेवले? खरे तर पूर्वी ते याहून सैल होते. ‘रजिस्टर ग्लोबल्स’ नावाची एक सोय होती. ग्राहकाने पाठवलेले प्रत्येक नाव त्या सोयीमुळे सरळ आज्ञावलीतला चल होऊन बसे. समजा, आज्ञावलीत ‘सूट’ नावाचा चल आहे आणि तो फक्त जुन्या गिऱ्हाइकांसाठी भरला जातो. नव्यांसाठी तो रिकामा राहील असे लिहिणाऱ्याने गृहीत धरले. आता एखाद्या नव्याने पानाच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून ‘सूट = ५०’ असे लिहिले, की त्याला पन्नास टक्के सूट! गिऱ्हाइकाने दारातून चिठ्ठी फेकावी आणि त्याने लिहिलेल्या खात्यावर ती खतावणीत आपोआप चढावी, असा तो कारभार होता. हिशेबाचा एक दिवसही अभ्यास केलेल्या माणसाने ही सोय मान्य केली नसती.

ती सोय काढायला किती काळ लागला हेही पाहण्यासारखे आहे. डिसेंबर २००१ मध्ये ४.१ या आवृत्तीत ‘$_गेट’, ‘$_पोस्ट’ ही आजची छोटी नावे आली. एप्रिल २००२ मध्ये ४.२ या आवृत्तीत ती जुनी सोय मूळ मांडणीत बंद झाली. पण ज्याला हवी त्याला चालू करता येत होती, आणि जुन्या आज्ञावल्या मोडू नयेत म्हणून पुष्कळांनी ती चालूच ठेवली. २००९ मध्ये ५.३ या आवृत्तीने तिला त्याज्य ठरवले. मार्च २०१२ मध्ये ५.४ या आवृत्तीत ती कायमची गेली. म्हणजे धोका ओळखून दार लोटल्यापासून ते बुजवेपर्यंत दहा वर्षे. इतक्या वर्षांत दोन्ही तऱ्हेच्या आज्ञावल्या लिहिल्या गेल्या, दोन्ही तऱ्हेची पुस्तके छापली गेली, आणि आजही जुन्या पुस्तकाच्या दुकानात मिळणारे पुस्तक नेमके कुठल्या तऱ्हेचे, हे कव्हरवरून कळत नाही.

त्या काळाचे एक हाड अजून शिल्लक आहे. अर्जातल्या एखाद्या रकान्याचे नाव ‘बिल’, मग पूर्णविराम, मग ‘क्रमांक’ असे ठेवले, तर पेटीत ते पूर्णविरामाऐवजी आडवी रेघ होऊन येते. का? तर चलाच्या नावात पूर्णविराम चालत नाही आणि पूर्वी या नावांचे थेट चल होत असत. आता तसे होत नाही. कारण मेले, नियम राहिला. असली गोष्ट कुणी लिहून ठेवली नाही तर नवशिक्याने ती ओळखायची कशी?

इंदूरचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो. वा. वा. ठाकूर यांनी संपादिलेली ‘होळकरशाहीच्या इतिहासाची साधने’ १९४० च्या दशकात इंदूरहून प्रसिद्ध झाली. मराठेशाहीतल्या अशा पत्रांत संक्षेपांची रेलचेल असते. ‘रा॥’ म्हणजे राजश्री, ‘मु॥’ म्हणजे मुक्काम, ‘सु॥’ म्हणजे सुहूर सन, ‘छ’ म्हणजे चंद्र, अर्थात मुसलमानी महिन्याची तिथी. पत्र लिहिणारा कारकून यांतल्या एकाचीही फोड करत नसे. दफ्तरात बसणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे असे धरलेले होते. ते दफ्तर गेले, ती माणसे गेली, आणि आज इतिहासाच्या अभ्यासकाला त्यांच्या याद्या पाठ कराव्या लागतात.

पण याहून मला महत्त्वाचा वाटतो तो ‘पैवस्त’ हा शेरा, पुष्कळदा नुसता ‘पौ’. पत्राच्या आत पाठवणाऱ्याने घातलेली तिथी असते. पत्र मुक्कामी पोहोचले की ते घेणाऱ्या दफ्तराचा कारकून त्यावर पोहोचल्याची तिथी स्वतः टाकत असे. एकाच कागदावर दोन तिथ्या, दोन हातांच्या. आणि कोणती कुणाच्या हातची हे शेऱ्यावरूनच कळते. पाठवणाऱ्याच्या तिथीवर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न वेगळा. पोहोचल्याची तिथी मात्र दफ्तराची स्वतःची. आजच्या भाषेत, पहिली ‘$_पोस्ट’मधली आणि दुसरी ‘$_सर्व्हर’मधल्या वेळेच्या कप्प्यातली. आपल्या दफ्तरांना ही शिस्त दोन-अडीचशे वर्षांपूर्वी होती, हे ऐकून संगणक शिकवणाऱ्या प्राध्यापकांना हसू येईल कदाचित. मला तर वर्गात हेच उदाहरण द्यावे असे वाटते.

आता भाषेविषयी. पीएचपीची मूळ माहितीपुस्तिका इंग्रजीत आहे आणि ती चांगली आहे. स्वयंसेवकांनी केलेले तिचे अनुवाद जर्मन, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, जपानी, ब्राझीलची पोर्तुगीज, रशियन, तुर्की, युक्रेनी, चिनी इतक्या भाषांत चालू आहेत. त्या यादीत मराठी नाही, कानडी नाही, हिंदीही नाही. अनुवाद करणाऱ्यांची एक पद्धत मला फार आवडली: प्रत्येक अनुवादित फाइलच्या माथ्यावर तो कोणत्या इंग्रजी आवृत्तीवरून केला त्याची खूण आणि सांभाळणाऱ्याचे नाव टाकलेले असते, म्हणजे इंग्रजी मजकूर बदलला की अनुवाद शिळा झाल्याचे लगेच कळते. हीही एक पैवस्तीच म्हणायची.

संगणक शिकायचा तर इंग्रजी आलेच पाहिजे, त्यात अनुवादाचे लाड कशाला, असे आमच्यातलेच काहीजण म्हणतात. हे अर्धेच खरे आहे. नावे इंग्रजीतच राहणार. ‘$_पोस्ट’चे ‘$_टपाल’ करा असे मी म्हणत नाही, केले तर आज्ञावली चालणारच नाही. परंतु नाव इंग्रजीत असणे आणि त्याचा खुलासा इंग्रजीतच असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देवासचा तो मुलगा आणि मी, दोघांनाही इंग्रजी वाचता येत होते. शब्द कळत होते. पण इशाऱ्याचे वाक्य कुठले आणि साध्या माहितीचे कुठले, हे वेगाने वाचताना हाती लागत नव्हते. मातृभाषेत वाचताना जो एक कान उभा राहतो, तो परभाषेत राहत नाही. मराठी किंवा कानडी शाळेतून येऊन पहिल्या वर्षी एकदम इंग्रजी पुस्तके हाती पडलेल्या कुणालाही विचारा. मग होते असे की मुले त्या नावांना मंत्रासारखी वागवतात. अर्थ विचारायचा नाही, जिथे चालले तिथे पुन्हा म्हणायचे.

यंत्राकडून अनुवाद करून घ्या, असाही एक सल्ला मिळतो. मी घेतला. ‘ग्लोबल’ चलांचे तिथे ‘जागतिक चल’ झाले, जणू त्यांचा कारभार संयुक्त राष्ट्रसंघ पाहतो! आज्ञावलीच्या सर्व भागांत दिसणारे, एवढाच त्याचा अर्थ; ‘सार्वत्रिक’ हा साधा शब्द पुरला असता. पुढेमागे यंत्र सुधारेल, शब्दही बरे देईल. तरी काय आधी सांगायचे आणि काय मागाहून, हे त्याला वाचणाऱ्याकडे पाहून कुणीतरी सांगावेच लागेल. आणि हल्ली आज्ञावलीच यंत्राकडून लिहून घेण्याची सोय झाली आहे, म्हणून तर हा प्रश्न अधिकच आमच्या शाखेचा होतो. लेखापरीक्षक वह्या लिहीत नाही. दुसऱ्याने लिहिलेल्या वह्यांतल्या आकड्यावर बोट ठेवून प्रमाणक मागतो.

प्रत्यक्षात अशा नोंदी कशा दिसतील, याचे काही नमुने देतो. तज्ज्ञांनी त्या तपासाव्यात.

‘$_गेट’. भरणारा: ग्राहक. पानाच्या पत्त्यात प्रश्नचिन्हाच्या पुढे जे असते ते सर्व. नावावरून फसू नये. मागणी ‘पोस्ट’ पद्धतीने आली तरी पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे मजकूर असेल तर ही पेटी भरतेच.

‘$_कुकी’. भरणारा: ग्राहक, जरी मूळ चिठ्ठी बहुधा आपणच दिलेली असली तरी. आपण दिलेली पावती दरम्यान त्याच्या घरी होती. परत येताना तिच्यावर खाडाखोड झालेली असू शकते.

‘$_सेशन’. भरणारा: आपली स्वतःची आज्ञावली. मजकूर आपल्या कपाटात राहतो, ग्राहकाच्या खिशात फक्त किल्ली असते. किल्ली चोरीला गेली तर कपाट दुसऱ्यापुढे उघडते, हे ध्यानात ठेवावे. ‘सेशन स्टार्ट’ ही आज्ञा दिल्याशिवाय ही पेटी मिळत नाही.

‘$_रिक्वेस्ट’. भरणारा: सांगता येत नाही. पत्ता, अर्ज आणि मांडणीप्रमाणे कुकीसुद्धा, यांची ही भेसळ असते. तेच नाव दोन ठिकाणांहून आले तर मागाहून आलेले आधीच्याला पुसते, आणि कोण मागाहून हे त्या त्या यंत्राच्या मांडणीवर अवलंबून. पैशाचा संबंध असेल तिथे ही पेटी मी तरी उघडणार नाही.

‘$_एन्व्ह’ची नोंद दोन ओळींत संपते, कारण पीएचपीबरोबर मिळणाऱ्या नेहमीच्या मांडणीत ती रिकामीच असते आणि मुले ‘माझी का रिकामी’ म्हणून तास तास घालवतात. ‘$ग्लोबल्स’ ही आपल्याच सार्वत्रिक चलांची यादी; २०२१ च्या ८.१ या आवृत्तीपासून ती संपूर्ण यादी एकदम बदलता येत नाही, एकेक चल बदलता येतो.

‘$_पोस्ट’ आणि ‘$_फाइल्स’ यांच्या नोंदी माझ्या वहीत तयार आहेत; हस्ताक्षर चालत असेल तर संगणक विभागाने त्या फलकावर लावाव्यात. कानडी विभागाच्या संपादकांशी मी बोललो आहे. ‘चराक्षर’ हा शब्द कायम ठेवायचा यावर आमचे एकमत झाले, ‘सार्वत्रिक’साठी कानडीत काय घ्यायचे यावर अजून झालेले नाही. ‘$_सर्व्हर’ राहिली आहे. तिच्यात कप्पे पुष्कळ, आणि प्रत्येक सर्व्हर ते सगळे भरेलच अशी हमी माहितीपुस्तिकाही देत नाही. तेव्हा एकेक कप्पा घेऊन, कुणाच्या हातचा ते ठरवत बसावे लागेल. द्वितीय वर्षाच्या चौघांनी नावे दिली आहेत. प्राध्यापक मंडळींपैकी कुणी शनिवारी दुपारी तासभर बसणार असतील तर त्यांनी वाचनालयात निरोप ठेवावा.